पितळी पट्टीची वीणा

“मग मी आई आहे का, बुवा? तुम्हीच सांगा.”

गेनूबुवा पहाऱ्यावर होते. वीणा छातीशी धरून ते उभे होते आणि बोट तारेवर चाललं होतं.

मारुतीच्या देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. वेळ दुपारची, देवालाही डुलकी लागावी अशी. गाव जेवून आडवं झालं होतं. देवळात बुवा होते, खांबाला टेकून डोळे मिटलेले दोन टाळकरी होते, आणि पायरीवर बसलेली उल्का होती.

सप्ताहाची रीत अशी, की सात दिवस नाम थांबत नाही आणि वीणा जमिनीला टेकत नाही. गावातली माणसं दोन-दोन तासांचा पहारा वाटून घेतात. पहारा उभ्यानं करायचा. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि शेवटच्या दिवशी काला झाला की मगच देवापुढे ठेवली जाते.

उल्का याच देवळात बुवांकडे गाणं शिकली. बुवांच्या साऱ्या चेल्यांत तीच सरस होती. हे बुवांनी कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडायची नाही, ती स्वतःच सांगायची.

आता ती तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. मुलीला आणि नवऱ्याला घेऊन सकाळीच माहेरी आली होती.

“काय झालं ते नीट सांग,” बुवा म्हणाले.

“जुईला मधुमेह आहे, बुवा. लहान मुलांना होतो तो. तीन वर्षांची होती तेव्हापासून. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. दिवसाला चार सुया. खाईल तो घास मोजायचा. रात्री दोनला उठून बघायचं, पाचला उठून बघायचं.”

“कितीची झाली आता?”

“आठ.”

“म्हणजे पाच वर्षं.”

“पाच वर्षं. एक सुई चुकलेली नाही माझी. एक सुद्धा नाही.”

ती हे ताठ मानेनं म्हणाली. मग मान आपोआप खाली गेली.

“आणि मंगळवारी?” बुवांनी विचारलं. मंगळवारचा विषय तिनंच आधी दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा गिळला होता.

“तिच्या दंडावर सेन्सर असतो. साखर उतरली की माझा फोन ओरडतो. मंगळवारी शाळेला सुट्टी होती, दुपारी ओरडला.”

“तू झोपली होतीस.”

“नाही. जागी होते, बुवा. पंख्याकडे बघत पडले होते. फोन हाताशी होता. ऐकू येत होतं सगळं… आणि मी उठले नाही.”

तार वाजत राहिली.

“किती वेळ?”

“माहीत नाही. जुई आपली आपण उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं डबा काढला, साखर खाल्ली. मग माझ्या उशाशी आली आणि म्हणाली, ‘आई, मी खाल्ली. तू झोप.’”

टाळ एकदा चुकला. म्हणजे टाळकरी झोपलेले नव्हते.

उल्का रडली नाही. रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

“मला माझीच भीती वाटते आता,” ती म्हणाली. “पुन्हा असं झालं आणि ती उठलीच नाही तर?”

“घरात दुसरं कुणी न्हाई?”

“आहेत ना. हे आहेत, सासूबाई आहेत.”

“मग?”

“मी कुणाच्या हातात देत नाही.”

“का बरं?”

“तीन वर्षांपूर्वी दिलं होतं. यांनी सुई टोचली आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून अंगणात गेले. ताट अर्ध्या तासानं वाढलं. तोवर पोरीचे डोळे पांढरे झाले होते, बुवा. झटके येत होते. दोन दिवस दवाखान्यात होतो.” ती थांबली. “त्या दिवसापासून सुई माझ्याकडे, पिशवी माझ्याकडे. माझ्यासारखं कुणालाच जमत नाही. हा गर्व नाही, खरं सांगते.”

आणि ते खरंच होतं. तिच्यासारखं कुणालाच जमत नव्हतं. धनंजय, तिचा नवरा, तीन वर्षं त्या पिशवीच्या वाटेला गेला नव्हता. बिचारा चार पावलं लांबूनच विचारायचा, “किती आली गं?” आणि ती आकडा सांगायची, मास्तरीण गुण सांगते तशी.

“मग माझ्याकडं काय मागतेस?”

“ताकद मागते. असा आशीर्वाद द्या, की मी पुन्हा कधी थकणार नाही.”

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ती आठ-दहा वर्षांची, दोन वेण्यांची दिसत असावी.

“जरा धर,” ते म्हणाले.

आणि वीणेचा पट्टा स्वतःच्या मानेतून काढून त्यांनी तिच्या गळ्यात घातला. मग वाकून तिच्या पायांना हात लावला.

“अहो बुवा! हे काय भलतंच?”

“घेणाऱ्याच्या पाया पडायचं. इसरलीस व्हय?”

ती विसरली नव्हती. पण पंचाहत्तरीचे गुरू आपल्या पायाशी वाकलेले पाहून तीही घाईनं वाकली. हात वीणेवरच होते.

बुवा पायरीवर बसले आणि पोटऱ्या चोळू लागले.

उल्कानं तार छेडली. आवाज अजून होता तिच्याकडे. टाळकऱ्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि ठेका जरा नीट धरला.

तिचा डावा तळवा भोपळ्यावर होता आणि तळव्याखाली थंडगार पितळी पट्टी. वीणेचा भोपळा तिथं कधीतरी फुटला होता, तो सांधून वर पट्टी ठोकली होती. गावात सांगत, की कुणा दारुड्याच्या हातून पडली. लहानपणी ती पट्टी पाहून उल्का म्हणाली होती, “माझ्या हातून कधीच पडणार नाही, बुवा.” बुवांनी तेव्हा पट्टीवरून नुसतं बोट फिरवलं होतं.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. जुई बाहेर चिंचेखाली बापाबरोबर चिंचा वेचत होती.

आणि पायरीवरच्या पिशवीत फोन ओरडला.

उल्काचं बोट थांबलं. नाम तोंडातच राहिलं. टाळकऱ्यांनी ते पुढं उचललं.

“बुवा, घ्या! जुईचं आहे ते. घ्या लवकर!”

“आत्ताच तर दिली.” बुवांचे हात पोटऱ्यांवरच होते.

तिनं पट्टा मानेतून वर ओढला. देव, रीत, सप्ताह… सगळं गेलं खड्ड्यात, वीणा खाली आणि आपण बाहेर, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

“ताई, खाली न्हाई ठेवायची,” एक टाळकरी म्हणाला.

तेवढ्यात जुईला कडेवर घेऊन धनंजय पायरीशी आला. पायात एकच चप्पल होती. त्यानं पोरीला बसवलं, पिशवी ओढली, फोन काढून बघितला आणि डब्यांना हात लावण्याआधी तिच्याकडे पाहिलं.

“उल्का… अठ्ठावन्न दाखवतोय. किती देऊ?”

तीन वर्षांत त्यानं हा प्रश्न विचारला नव्हता. तिनं विचारू दिला नव्हता.

पट्टा तिच्या कानाशी अडकलेला होता. एक क्षण ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “निळ्या डब्यात ग्लुकोज आहे. तीन चमचे, सपाट. पाण्यातून. आत्ता!”

एक चमचा पायरीवरच सांडला. त्यानं तो सोडून दुसरा भरला. जुईनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि पाणी पिऊन ओठ पुसले.

“आता पंधरा मिनिटं थांबायचं,” जुईनंच बापाला सांगितलं. “मग बोटातून बघायचं. मी शिकवते तुम्हाला.”

उल्कानं पट्टा पुन्हा मानेवर घेतला. बोट तारेवर गेलं. ठेका चुकत होता, पण टाळकरी तिला सांभाळून घेत होते. तिची नजर पायरीवरून हलत नव्हती.

ती पंधरा मिनिटं फार मोठी होती. धनंजय पोरीचा हात हातात घेऊन बसला होता. मग त्यानं तिचं बोट टोचलं, यंत्रात थेंब घेतला आणि आकडा आला तसं ते यंत्र उंच धरून बायकोला दाखवलं.

“ब्याण्णव,” तो म्हणाला. त्याला पुढं बोलता येईना.

तो इतका घाबरतो हे उल्काला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, तो सुटला. तिला कधी दिसलंच नव्हतं त्याचं भ्यालेलं तोंड, कारण पिशवीपाशी ती त्याला येऊच देत नव्हती.

आता मात्र तिला रडू आलं. नाम घेता घेता रडू आलं, उभ्यानं, वीणा गळ्यात असताना. पुसायला हात मोकळे नव्हते. पाणी हनुवटीवरून भोपळ्यावर पडत राहिलं.

बाप-लेक बिस्किटाचा पुडा घेऊन पुन्हा चिंचेखाली गेले. पिशवी त्याच्या खांद्यावर होती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “बुवा.”

“हं.”

“तुमचा काला परवा आहे… माझा कधी?”

बुवांचा हात पोटरीवर थांबला. त्यांनी देवाकडे पाहिलं, मग चिंचेकडे. जुई बापाला बिस्किटातलं किती मोजायचं ते बोटांवर सांगत होती.

“सांगा ना.”

“न्हाई माहीत, पोरी.”

चार वाजले. फळ्यावर चारच्या पहाऱ्याला शेवंताकाकूंचं नाव होतं. काकू पदराला हात पुसत आल्या. हाताला कांद्याचा वास होता. काकूंना सूर लागत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, काकू सोडून.

उल्कानं एकदा बुवांकडे पाहिलं. बुवा दुसरीकडे पाहत होते.

तिनं पट्टा काढला आणि काकूंच्या गळ्यात घातला. वाकली. काकूही वाकल्या, आणि तिच्या गालावरून कांद्याचा हात फिरवून म्हणाल्या, “किती वाळलीस गं. जा, जेव जा घरी.”

काकूंनी नाम उचललं ते भलत्याच पट्टीत. उल्काच्या कपाळावर आठी आली. टाळकऱ्यांच्या मात्र आली नाही. त्यांनी तोच ठेका धरला.

तिचे खांदे दुखत होते. हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. ती बुवांशेजारी पायरीवर बसली, सांडलेल्या ग्लुकोजला मुंग्या लागल्या होत्या त्याच्या कडेला.

तळव्याला अजून पितळेचा गारवा होता.

“बुवा, एक विचारू? ही वीणा कुणाच्या हातून पडली होती?”

काकू बेसूर गात होत्या.

“माझ्या.”

“तुमच्या?” तिनं वळून पाहिलं. “कशी?”

बुवा काकूंकडे पाहत राहिले.

“माझ्यावानी कुणालाच धरता येत न्हाई, म्हणून कुणाला दिलीच न्हाई.”