जनरलसाहेबांचे मासे

नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा लेफ्टनंट सिगवार्ट मोएनने आपला गणवेश पुरून टाकला आणि तो कोळी झाला. पुढे तो कर्नल झाला, पण ही गोष्ट त्याच्या होडीवरच्या दिवसांतली.

त्या सकाळी खाडीवर इतकं दाट धुकं होतं, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. होडी जणू झोपेतच चालली होती. माशांच्या ढिगाखाली, ताडपत्रीत गुंडाळलेला, जर्मनांविरुद्धच्या छुप्या लढ्यातला त्याचा जखमी साथीदार आइनार निपचित पडला होता.

अचानक धुक्यातून जर्मन गस्तीची बोट पुढ्यात आली. तिच्यावरचा कॅप्टन क्राउस स्वतःला खाडीचा राजाच समजायचा.

“होडी रिकामी कर! एकूण एक मासा बाहेर काढ!” तो गरजला.

सिगवार्टने शांतपणे खिशातून एक कागद काढला. “काढतो, साहेब. फक्त यावर तुमचं नाव लिहून द्या.”

“कशाला?”

“तुमच्याच जनरलसाहेबांचा हुकूम आहे. मेजवानीचे मासे दुपारच्या आत पोचले पाहिजेत. जो उशीर करील तो तुरुंगात जाईल, मग तो कितीही मोठा असो. उशीर कोणी केला, ते लिहिलेलं बरं.”

क्राउसने खालची सही पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. “जा! लवकर जा!”

होडी पुन्हा धुक्यात विरघळली. ढिगाखालून आइनार पुटपुटला, “आता हे मासे फेकून द्यायचे ना?”

“छे! तुला डॉक्टरकडे सोडतो आणि मासे वेळेवर पोचवतो,” सिगवार्ट म्हणाला. “जनरल खूश झाला, तर पुढच्या आठवड्यालाही असाच कागद देईल.”