दारावर चिरा, आत आई

कान इकडे करा. मांडी घाला. बसलात? आता हलू नका, नाहीतर गोष्ट सांडेल.

तिरफळवाडीत एक मंडळ होतं. गाणारं, वाजवणारं आणि मधूनमधून चहा पिणारं. इतकी वर्षं बिचारे शाळेच्या पडवीत बसून गात. मग त्यांनी ठरवलं, आपली खोली आपण बांधायची. आपल्याच हातांनी.

जागा ठरली. पण त्या जागेत एक बीळ होतं. बिळात राहायची उंदीरआई आणि तिची लेक टिचकी. टिचकी एवढीशी. तुमच्या अंगठ्याएवढी. शेपटी मात्र लांबच लांब.

टिचकीला एक खोड होती. जिथं तिथं नाक खुपसायचं. हे काय? ते काय? ते कशाला? आई म्हणायची, आधी खा, मग विचार. टिचकी खाता खाताच विचारायची.

एके सकाळी बाहेर आवाज झाला. घर्र घर्र घर्र. हे काय बाई, म्हणत टिचकी निघाली बघायला. तुरुतुरु तुरुतुरु.

टेंपो आला होता. टेंपोत लाल लाल चिरे. चिरे म्हणजे भिंतीचे मोठ्ठे दगड. टेंपोवाल्यांना भारी घाई. त्यांनी चिरे टाकले, धडाम, धडाम, धडाम, आणि गेले निघून.

टिचकी मागे वळली. बघते तर काय, बिळाच्या दारावर चिरा.

मागचं दार? ते कालच बुजलं होतं. मंडळानं जमीन चोपून चोपून टणक केली होती. खाली कुणाचं घर असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

टिचकीनं चिरा ढकलला. हूं हूं हूं. चिरा हलतो कुठला? मग तिनं चिऱ्याला कान लावला. आतून बारीक आवाज आला.

"टिचके, मी बरी आहे गं. पण मला बाहेर येता येत नाही. कुणाला तरी बोलाव."

टिचकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला आई हवी होती. आत्ताच्या आत्ता हवी होती. तिनं डोळे पुसले, शेपटी झटकली नि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

समोर होता विश्रामदादा गवंडी. त्याच्या हातात दोरी, दोरीला लोखंडी गोळा. आता रडू आलं म्हणून काय विचारायचं सोडायचं? टिचकीनं विचारलं, हे काय लोंबतंय? दादा म्हणाला, हा ओळंबा. भिंत सरळ की वाकडी, ते हा सांगतो. टिचकीनं मान तिरकी करून ओळंबा बघितला. मग म्हणाली,

"दादा दादा, चिरा उचल.
चिरा दारावर, आई आत.
मला माझी आई हवी."

दादा म्हणाला, "उचलला असता गं. पण उचलून ठेवू कुठं, डोक्यावर? घमेल्यातून माल येऊ दे, मग चिरा उचलतो."

टिचकीनं शेपटी झटकली नि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पुढे होती माणसांची रांग. रांगेत पहिली शेवंतीकाकू. काकूच्या हातात घमेलं. मागच्याच्या हातात घमेलं. त्याच्या मागच्याच्या हातात घमेलं. टिचकीनं घमेल्यात नाक खुपसलं. हे काय, भाकरीचं पीठ? आक् छी. काकू म्हणाली, अगं, हा माल. वाळू आणि सिमेंट. यानं चिरे एकमेकांना चिकटतात. टिचकीनं नाक पुसलं. मग म्हणाली,

"काकू काकू, घमेलं दे.
घमेलं येईना, दादा चिरा उचलेना.
चिरा दारावर, आई आत.
मला माझी आई हवी."

आता या मंडळाची एक गंमत आहे. यांचे हात तालाशिवाय हलतच नाहीत. जेवताना हलतात, ते सोडा. पण काम म्हटलं की ताल हवा. काकू म्हणाली, "मागे एकदा बिनतालाचं घमेलं दिलं, ते पडलं माझ्याच पायावर. मृदंग वाजू दे, मग घमेलं देते."

टिचकीनं शेपटी झटकली नि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

काजूच्या झाडाखाली बसला होता भिकाजीमामा. मांडीवर मृदंग. मृदंगाच्या एका तोंडाला पांढरं पांढरं काहीतरी लावलेलं. टिचकीनं वास घेतला. हे काय? मामा म्हणाला, ही कणीक. कणीक लावली की मृदंग घुमतो. आणि ही खायची नाही. टिचकीनं मान हलवली. मग एवढीशीच चाटली. मामानं बघितलं नाही, आपण बघितलं. मग ती म्हणाली,

"मामा मामा, मृदंग वाजव.
मृदंग वाजेना, काकू घमेलं देईना.
घमेलं येईना, दादा चिरा उचलेना.
चिरा दारावर, आई आत.
मला माझी आई हवी."

मामा म्हणाला, "वाजवला असता गं. पण पेटीच्या सुरात मृदंग लावावा लागतो. पेटी बोलू दे, मग मृदंग वाजवतो."

टिचकीनं शेपटी झटकली नि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

सतरंजीवर बसली होती इंदूमावशी. पुढ्यात एक बंद पेटी. टिचकी पेटीभोवती फिरली. एकदा इकडून, एकदा तिकडून. यात कोण राहतं? मावशी हसली. म्हणाली, यात वारा राहतो. मी त्याला हलवते, तो गातो. टिचकीनं पेटीला कान लावला. वारा झोपला होता वाटतं. मग ती म्हणाली,

"मावशी मावशी, पेटी उघड.
पेटी बोलेना, मामा मृदंग वाजवेना.
मृदंग वाजेना, काकू घमेलं देईना.
घमेलं येईना, दादा चिरा उचलेना.
चिरा दारावर, आई आत.
मला माझी आई हवी."

मावशी म्हणाली, "उघडली असती गं. पण बुवा कुठला सूर लावणार, ते मला काय ठाऊक? बुवा गाऊ देत, मग पेटी उघडते."

बघा बाई, मोठ्या माणसांचं हे असं. सगळे तयार. सगळे शहाणे. पण आधी तू, मग मी. टिचकीचे पाय दुखायला लागले. तरी तिनं शेपटी झटकली नि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

खुर्चीत बसले होते तातूबुवा. मंडळातले सगळ्यात मोठे गाणारे. बुवा गरम पाणी पीत होते. घुट् घुट् घुट्. पाणी प्यायलं की त्यांच्या मानेत काहीतरी वर जाई, खाली येई. टिचकी डोळे मोठे करून बघत राहिली. तिथं आत उंदीर आहे का? बुवांना ठसकाच लागला. म्हणाले, उंदीर नव्हे गं, हा गळा. सूर इथून निघतो. टिचकीनं आपली मान चाचपून बघितली. मग म्हणाली,

"बुवा बुवा, गाणं गा.
बुवा गाईनात, मावशी पेटी उघडेना.
पेटी बोलेना, मामा मृदंग वाजवेना.
मृदंग वाजेना, काकू घमेलं देईना.
घमेलं येईना, दादा चिरा उचलेना.
चिरा दारावर, आई आत.
मला माझी आई हवी."

बुवांनी पेला खाली ठेवला. हळूच म्हणाले, "आमच्या मंडळाची रीत आहे, बाळ. नव्या घरात पहिला सूर नव्या गळ्याचा. आमचे सगळे गळे जुने. नवा गळा येऊ दे, मग मी गातो."

मग नवा गळा आणणार कोण? बुवांना वाटलं, मावशी आणेल. मावशीला वाटलं, मामा आणेल. मामाला वाटलं, काकू आणेल. काकूला वाटलं, दादा आणेल. आणि दादाला वाटलं, बुवा तर आणणारच. कुणीच आणला नाही. आणि सगळे सकाळपासून एकमेकांची वाट बघत बसलेले.

टिचकीनं या वेळी शेपटी झटकली नाही. ती परत निघाली. तुरु. तुरु. तुरु. गेली चिऱ्यापाशी. चिऱ्याला टेकून बसली.

आतून आईनं विचारलं, "टिचके, कुणी येतंय का गं?" आईचा आवाज आता फार बारीक झाला होता. टिचकी म्हणाली,

"नवा गळा मिळेना, बुवा गाईनात.
बुवा गाईनात, मावशी पेटी उघडेना.
पेटी बोलेना, मामा मृदंग वाजवेना.
मृदंग वाजेना, काकू घमेलं देईना.
घमेलं येईना, दादा चिरा उचलेना.
चिरा दारावर, आई आत.
मला माझी आई…"

आणि तिला पुढे बोलताच येईना. नुसतंच,

"आईईईईईई…"

लांब. बारीक. उंच. चिऱ्यांवरून गेलं, काजूच्या झाडावरून गेलं, थेट तातूबुवांच्या कानात शिरलं.

बुवा ताडकन उठले. विचारलं, हा सूर कुणाचा? दादा म्हणाला, माझा नव्हे. काकू म्हणाली, माझा नव्हे. मामा म्हणाला, माझा तर नव्हेच नव्हे. मावशीनं चिऱ्याकडे बोट दाखवलं. सगळे वाकून बघायला लागले.

टिचकी घाबरून म्हणाली, "माझा आहे. पण मी गात नव्हते. मी आईला हाक मारत होते."

बुवांनी विचारलं, किती दिवसांची गं तू? टिचकी म्हणाली, वीस दिवसांची.

बुवांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "हाक तर हाक. गळा नवा आहे, सूर खरा आहे. चला, उठा सगळे."

आणि बुवा गायला लागले. टिचकीच्याच सुरात. एवढ्या उंच सुरात. आवाज गेला फाटून, कोंबड्यासारखा. सगळे खोखो हसले. बुवाही हसले. मग तोच सूर त्यांनी खाली आणला आणि झकास लावला.

बुवा गायले, मावशीनं पेटी उघडली. टिचकीचा सूर कुठला? ही पट्टी? नव्हे. ही? नव्हे. ही? नव्हे. अगदी कोपऱ्यात एक पट्टी होती. ती कधीच कुणी दाबली नव्हती. मावशीनं फुंकर मारली, फू. धूळ उडाली. बोट ठेवलं. पीं. हीच ती.

पेटी बोलली, मामानं मृदंग वाजवला. धा तिट धा. धा तिट धा.

मृदंग वाजला, काकूनं घमेलं दिलं. घे, दे. घे, दे. या हातातून त्या हातात. घे, दे. घे, दे.

घमेलं आलं, दादानं चिरा उचलला. हुप्प.

खाली माती. नुसती माती.

गाणं थांबलं. मृदंग थांबला. कुणी हलेना. टिचकीनं मातीत नाक खुपसलं आणि हळूच हाक मारली. माती जराशी हलली. एक मिशी दिसली. दोन मिशा दिसल्या. मग नाक. मग मातीनं माखलेली आई.

टिचकीनं उडीच मारली. आईच्या पोटाला घट्ट बिलगली. आई तिला चाटत राहिली. कान चाटले, नाक चाटलं, लांबच लांब शेपटी चाटली. काकूनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, धूळ गेली गं डोळ्यात. आपण म्हटलं, असेल असेल.

मग विश्रामदादा स्वतःवरच चिडला. म्हणाला, आम्ही घर बांधायला निघालो आणि दुसऱ्याचं घर बुजवलं, शहाणेच आम्ही. त्यानं ओळंबा धरला, भिंत सरळ घेतली, पण बिळापाशी येऊन थांबला. तिथं त्यानं चिरा लावलाच नाही. तेवढी जागा मोकळी सोडली. उंदराचं एक दार. तातूबुवा म्हणाले, बरोबर केलंस, मंडळातल्या सगळ्यांना येण्याजाण्याची वाट हवी, आणि आता या दोघीही मंडळातल्याच.

घे, दे. घे, दे. भिंत वर चढली. बुवा गात होते. पेटी बोलत होती. मृदंग घुमत होता. मध्येच बुवा थांबले. म्हणाले, टिचके, सूर दे गं पुन्हा.

पण टिचकी कुठली ऐकायला? ती आईच्या कुशीत गाढ झोपली होती. आता हाक कशाला मारायची? आई तर जवळच होती.

चिरा हलला, दार उघडलं, लेकीला आई मिळाली. गोष्ट इथं थांबली. आता तुम्ही ज्यांच्याजवळ बसलात, त्यांना घट्ट धरा बघू.