सशांनी कानांनी पारखलेली बोट

माणसं जुन्या बोटी किनाऱ्यावर टाकून निघून गेली, त्यानंतरच्या काळात एका खाडीकाठी ससे राहत होते. अलीकडचं गवत संपलं होतं. पलीकडे हिरवंगार होतं, पण पोहता कुणालाच येत नव्हतं आणि खाडीला वळसा घालायचा तर पाय मोडले असते.

तेव्हा कोल्ह्याने दगडांवर टेकवलेली एक जुनी लाकडी मोटरबोट विकायला काढली. बदल्यात त्याने सशांच्या साठवलेल्या सगळ्या शेंगा मागितल्या.

"थोडी डागडुजी लागेल," तो म्हणाला, "पण इंजिन ऐका!"

सशांचा सगळा भरवसा कानांवर. इंजिन धडधडलं आणि सगळे खूश झाले.

"काय दणदणीत आवाज आहे!" पुढारी म्हणाला. "शेंगा आणा रे!"

बहिरी रखमाकाकू मात्र बोटीभोवती फिरत होती. पुढारी तिच्या कानात ओरडला, "काकू, मध्ये मध्ये करू नका! इंजिन ऐकलंत ना?"

"मला ऐकू येत नाही बाबा, म्हणून बघतेय," असं म्हणत ती बोटीखाली शिरली आणि तिने डोक्याने तळ ढकलला. ताज्या निळ्या रंगाचे पोपडे उडाले, कुजकं लाकूड फुटलं आणि बोटीच्या आत काकूचे दोन्ही कान वर आले.

"पिल्लांना इथेच बसवणार होतात ना?" तिने खालून विचारलं.

"डागडुजी लागेल, असं मी आधीच सांगितलं होतं," कोल्हा शांतपणे म्हणाला.

ससे शेंगा पाठीवर घेऊन वळशाच्या वाटेने निघाले. पुढारी लंगडत होता.

"आवाज मात्र छान होता हं," तो म्हणाला, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.