टाळ्यांसकट दहा गाणी

एका जंगलात रेवा नावाची टिटवी राहायची. नदीकाठच्या उघड्या वाळूत तिची चार अंडी होती आणि ती चार दिवसांत फुटणार होती. त्यामुळे तिला राजकारणात रस नव्हता. राजकारणाला मात्र वाळूत रस होता.

राजा होता अस्वल. त्याचा पुतण्या मधुकंठ याचा पहिला अल्बम येणार होता. कोणी ऐकला नव्हता, पण झाडाझाडावर फलक लागले होते: ‘शतकाचा आवाज’. उगाच तुलना नको म्हणून कोकिळेला सक्तीची रजा मिळाली. रातकिड्यांना नोटीस गेली. बेडकांनी आपणहून पाठिंब्याचं पत्र दिलं.

एका सकाळी प्रचारमंत्री साळिंदर काटे वाजवत वाळूत आला.

“टिटवीताई, घार आली की जंगलात आधी तुम्हाला कळतं. तुमच्या कानाला मान आहे. अल्बमवर दोन ओळी अभिप्राय द्या. चांगला असला तर मैफल टेकडीवर. नसला तर…” त्याने घरट्याकडे पाहिलं. “जागा सपाट आहे हो इथली. मांडव झकास बसेल.”

रेवा अंड्यांवर अजून पसरून बसली. “आधी ऐकू तर द्या.”

“ऐकून काय, कोणीही मत देईल, ताई!”

तरी तिने हट्टाने ऐकला. दहा गाणी. प्रत्येकात थोडं गाणं, पुष्कळ टाळ्या. साळुंक्यांकडून त्या हुबेहूब काढून घेतल्या होत्या, गाणी बसवायच्याही आधी. चौथ्या गाण्यात मात्र आपण कोणाचे पुतणे हे पोरगा क्षणभर विसरला आणि लेकराला थोपटताना आई गुणगुणते तसं काहीतरी गुणगुणला. अंड्यांतली टकटक शांत झाली. तेवढ्यात टाळ्या कोसळल्या.

खोटं लिहावं असं रेवाच्या फार मनात आलं. पण पोटाखाली चौघं ऐकत होती. तिने लिहिलं, “चौथं गाणं गोड. बाकीची नऊ ऐकवत नाहीत. टाळ्या काढा, पोरगा गाईल.”

दुसऱ्या दिवशी फलक लागला: ‘“गोड! टाळ्या! गाईल!” – टिटवीताई’.

मांडव टेकडीवर उभा राहिला. मधुकंठाने तोंड उघडलं आणि साळुंक्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. तो गायला की नाही, हे आजही वादात आहे. महाराज खूश झाले. “गाणी राहू देत,” ते म्हणाले, “टाळ्या ठेवून घ्या.” पोराला सांस्कृतिक खातं मिळालं. गाणं सुटलं.

आता महाराजांचं भाषण टाळ्यांनीच सुरू होतं. भाषण झालंच तर मागाहून होतं.

खाली वाळूत त्याच गदारोळात चारही अंडी फुटली होती. पिल्लं आता तुरुतुरु धावतात, पण टेकडीवर टाळ्या वाजल्या की घार आल्यासारखी जागच्या जागी जमिनीला चिकटतात. रेवाने त्यांना हे शिकवलेलं नाही. भाषण संपेपर्यंत ती त्यांना उठवतही नाही.