थोरली क्रेन खाली कशी उतरली

माणसाला ढगांशेजारी घर बांधायची हौस नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका शहरात सगळ्यांत उंच इमारत उभी राहत होती आणि तिच्या डोक्यावर थोरली क्रेन बसली होती. एक मजला झाला की तीही तेवढीच वर सरकायची. प्रत्येक तुळई तिनेच उचललेली, त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका.

शेवटची तुळई बसली तेव्हा मुकादमाने थोरलीच्या गळाला एक धाकटी क्रेन अडकवली आणि सांगितलं, "हिला वर घे."

थोरलीचं डोकंच फिरलं. "राबायचं मी आणि गच्चीवर मिरवायचं हिने? मी नाही उचलणार."

काम अडलं. थोरली जागा सोडेना, म्हणून गच्ची पुरी होईना. राहायला येणारी माणसं खालूनच बघून परत जायची.

शेवटी धाकटीनेच विचारलं, "अक्का, तुम्ही आता खाली कशा येणार?"

थोरलीने पहिल्यांदाच खाली पाहिलं. चढताना प्रत्येक मजल्याने तिला आधार दिला होता, पण उतरायला वाटच नव्हती. मग काचेचं सामान उचलावं तसं तिने धाकटीला अलगद वर घेतलं.

कामगार थोरलीचा एकेक भाग सुटा करत गेले आणि धाकटी तो जपून ट्रकमध्ये उतरवत गेली. पलीकडच्या शहरात नवा पाया थोरलीची वाट बघत होता.

निघताना थोरलीने काळजीने विचारलं, "अगं, पण तुला कोण उतरवणार?"

"माझ्याहून लहान एक आहे, अक्का. तिला मी कधीच वर घेऊन ठेवलंय."