थोरल्याचा पहारा

सागाच्या एका दाट जंगलात, करवंदीच्या जाळीलगत, सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, नाव सातभाई असले तरी त्यांत बहिणीही होत्या, आणि त्या भावांपेक्षा काकणभर जास्तच बोलत. मातकट रंगाचे, पिवळ्या चोचीचे हे पक्षी दिवसभर जमिनीवर पाचोळा उलथत हिंडायचे, किडे टिपायचे आणि असा कलकलाट करायचे की शेजारच्या ढोलीत दिवसा झोपणारा पिंगळा वैतागून जायचा. बिचाऱ्याला डोळे मिटता येत, कान मिटता येत नसत.

या थव्याची एक जुनी रीत होती. सगळे खाली चरत असताना एकाने झाडावर बसून पहारा द्यायचा. शिक्रा दिसला की त्याने हाक द्यायची, आणि हाक कानावर पडताच बाकीच्यांनी चोचीतला घास टाकून जाळीत शिरायचे. शिक्रा हा शिकारी पक्षी म्हणजे छोट्या पक्ष्यांचा काळच. पानाआड दबा धरून बसायचा आणि पापणी लवायच्या आत झडप घालायचा. थोड्या वेळाने पहारेकरी खाली चरायला यायचा आणि दुसरा वर जायचा. पाळी कोणालाच चुकत नसे.

पुढे थोरला भाऊ थव्याचा म्होरक्या झाला. त्याची नजर फार तीक्ष्ण होती आणि भावंडांवर त्याचा जीवही फार होता. एके दिवशी मधली बहीण पहाऱ्यावर असताना सागाचे एक मोठे पान भिरभिरत खाली आले. तिला वाटले, शिक्राच आला. तिने जिवाच्या आकांताने हाक दिली आणि सगळे जाळीत पळाले. थोरल्याने बाहेर डोकावून पाहिले तर समोर पान पडलेले.

"पान आणि शिक्रा यातला फरक कळत नाही तुला?" तो म्हणाला. "उतर खाली. तुझ्या जागी मी बसतो."

पुढची पाळी खादाड भावाची होती. त्याला फांदीवरच एक सुरवंट सापडला, त्यामुळे जंगलाकडे त्याची पाठ आणि सुरवंटाकडे तोंड, असा त्याचा पहारा सुरू झाला. थोरल्याने त्यालाही खाली उतरवले. मग एकाला झोप येते म्हणून, एकीचा आवाज बारीक म्हणून, असे करत करत सगळ्यांच्या पाळ्या थोरल्याकडे आल्या. आपले एकही भावंड शिक्र्याच्या नखांत सापडू नये, एवढीच त्याची इच्छा होती. मात्र खाली कोणी घाबरले आणि दुसऱ्याने "अरे, दादा आहे ना वर," असे म्हटले, की त्याची छाती फुगायची. हेही खोटे नव्हे.

बाकीच्यांची तर चंगळच झाली. मान वर करायचीच नाही म्हटल्यावर चोच पाचोळ्यातून बाहेर कशाला काढायची? ते खाऊन खाऊन गोल झाले. थोरला मात्र संध्याकाळी चार उरलेसुरले किडे खायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला. भूक लागली की त्याला चिडचिड व्हायची, आणि चिडचिड झाली की झुडपात हललेला ससाही त्याला संकट वाटायचा. मोर दिसला, दे हाक. मुंगूस दिसले, दे हाक. पानगळीच्या दिवसांत सगळे जंगल पाण्यावर जायला तिथूनच ये-जा करू लागले, तसा थोरला दिवसभर ओरडतच राहिला. शेवटी व्हायचे तेच झाले. एका सकाळी त्याने चोच उघडली तर आतून नुसती हवा आली. त्याचा घसा पार बसला होता.

मधली त्याच्याजवळ जाऊन बसली. "दादा, आज मी बसते वर," ती म्हणाली.

"नको," थोरला कसाबसा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुझी पुन्हा चूक झाली तर?"

"झाली तर सगळे उगाच जाळीत पळतील. उगाच पळून कोणी मरत नाही, दादा."

थोरल्याने नकारार्थी मान हलवली.

हे सगळे वरच्या फांदीवरून एक कोतवाल पक्षी ऐकत होता. काळाभोर अंग, दुभंगलेली शेपटी आणि बोलण्यात कमालीचा गोडवा. नकला करण्यात तर जंगलात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"दादा, मी असताना तुम्ही कशाला काळजी करता?" तो म्हणाला. "तुम्ही खाली बसून सावकाश खा. पहारा मी देतो." आणि त्याने सातभाईंची धोक्याची हाक अशी काही हुबेहूब काढून दाखवली की खादाड भाऊ सवयीने जाळीत पळालासुद्धा.

थोरल्याचा चेहरा खुलला. हाक कशी खणखणीत, एकही सूर इकडे-तिकडे नाही. "हा पहारेकरी," तो भावंडांना म्हणाला. सख्ख्या बहिणीला जी फांदी मिळाली नाही ती परक्याला मिळाली. मधली दिवसभर अवाक्षर न काढता पाचोळा उलथत राहिली, आणि थव्याचा कलकलाट त्या दिवशी बराच कमी झाला.

कोतवालाने मात्र काम अगदी मन लावून केले. पहिली हाक दिली तेव्हा सगळे चोचीतले घास टाकून जाळीत शिरले. बाहेर आले तेव्हा शिक्रा कुठेच नव्हता आणि घासही नव्हते. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, पुन्हा पळापळ झाली आणि पुन्हा तेच. खादाड भावाने मोठ्या कष्टाने एक लठ्ठ अळी उकरून काढली होती. तो तिची जागा पुन्हा पुन्हा तपासू लागला.

"माझी अळी इथेच होती," तो म्हणाला.

"शिक्र्याने नेली असेल," कोतवाल वरून म्हणाला. त्याची चोच जराशी भरलेली होती.

"शिक्रा अळ्या खातो?"

"हल्ली खातो."

थोरल्याने हे ऐकले आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण आपणच निवडलेला पहारेकरी चोर निघाला असे कबूल करायचे कोणी? असेच काही दिवस गेले. गोल झालेली भावंडे पुन्हा सडपातळ झाली, आणि थोरला तर खाली बसूनही उपाशीच राहिला.

खादाड भावाचा संयम सगळ्यांत आधी संपला. पोटाचा प्रश्न होता ना! एका दुपारी त्याने ठरवले, आपल्या अळ्या कोण पळवतो ते आज पाहायचेच. त्याने एका डोळ्याने पाचोळा आणि दुसऱ्या डोळ्याने झाड पाहायला सुरुवात केली. इतक्या दिवसांत प्रथमच थव्यातल्या कोणीतरी मान वर केली होती. कोतवाल नुकताच एक गलेलठ्ठ अळी घेऊन पलीकडच्या ऐनाच्या झाडावर जाऊन बसला होता आणि जंगलाकडे पाठ करून ती खात होता. खादाड भाऊ संतापून त्याला शिव्या देणार, एवढ्यात त्याला कोतवालाच्या खालच्या फांदीवर, पानांच्या आड, लालसर डोळा दिसला. मग पट्ट्यापट्ट्यांची छाती दिसली. शिक्रा बसला होता.

बिचाऱ्याने धोक्याची हाक कधी नीट दिलीच नव्हती. त्याच्या तोंडून जे निघाले ते अर्धे किंचाळणे आणि अर्धी उचकी असे काहीतरी होते. पण त्यात भीती खरी होती. मधली पळाली, तिच्यामागे बाकीचे पळाले.

थोरला उघड्यावर होता. त्याने हाक ऐकली आणि त्याच्या मनात आले, हा खादाड, याला काय कळतंय? म्हणून स्वतः खात्री करून घ्यायला त्याने मान वर केली. त्या क्षणी शिक्रा सुटला. थोरला पंख फडफडवत जाळीकडे झेपावला, करवंदीचे काटे अंगात शिरले, आणि मागे शिक्र्याच्या नखांत त्याच्या शेपटीची पिसे राहिली. शेपटीऐवजी मानही राहिली असती. जरा वेळ वाट पाहून शिक्रा निघून गेला.

जाळीत सगळे एकमेकांना चिकटून बसले होते. शेवटी थोरल्यालाच राहवले नाही.

"तुझी हाक ऐकली होती मी," तो खादाड भावाला म्हणाला. "पण माझा विश्वास बसला नाही. माझी शेपटी शिक्र्याने नाही, माझ्या हट्टाने गेली."

खादाड भाऊ कावराबावरा झाला. "दादा, खरं सांगू का? मी शिक्र्यासाठी वर बघतच नव्हतो. मी माझ्या अळ्यांसाठी बघत होतो."

यावर मधलीला हसू आवरेना. ती हसली तशी सगळी जाळी हसू लागली, आणि बिनशेपटीचा थोरलाही हसला. पण हसता हसता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला राखायला स्वतःचे काहीतरी मिळाले, म्हणून याने मान वर केली. बाकीच्यांच्या वाट्याचे सगळे राखणे तर मीच उचलून घेतले होते. मग त्यांनी वर पाहायचे कशाला? त्याला फार वाईट वाटले, आणि बऱ्याच दिवसांनी हलकेही वाटले.

तेवढ्यात कोतवाल चोच पुसत तिथे आला. "दादा, उद्या जरा उशिरा आलो तर चालेल ना?"

उत्तर मधलीने दिले. "जेवायला पाहुणे म्हणून कधीही या. पहाऱ्याला आम्ही आहोत."

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या सुरू झाल्या. पहिली पाळी थोरल्याने मधलीला दिली. थोड्याच वेळात तिने हाक दिली, सगळे जाळीत पळाले, आणि पाहतात तर वरून एक घार आपल्या वाटेने चालली होती. थोरल्याच्या चोचीपर्यंत जुने शब्द आले. त्याने ते गिळले. मुलांनो, गोम गिळण्यापेक्षाही ते त्याला अवघड गेले. तो उडून मधलीशेजारी बसला.

"काय दिसलं तुला?" त्याने विचारले.

"सावली," ती मान खाली घालून म्हणाली. "मोठी होती. मी पुन्हा चुकले, दादा. मी उतरते."

"उतरायचं नाही. घार उघड्यावर घिरट्या घालते. शिक्रा आडोशाला बसतो, म्हणून आभाळाआधी पानांत बघायचं." मग तो खाली जाता जाता म्हणाला, "तुझी पाळी अजून संपलेली नाही."

चुका व्हायच्या तेवढ्या झाल्या. पळापळीने सगळ्यांचे पाय दुखले, पिंगळ्याने तर ढोली बदलायचे मनावर घेतले. पण हळूहळू एकेकाची नजर तयार झाली. बारीक आवाजाच्या बहिणीची हाक सगळ्यांत दूर पोहोचते, असे लक्षात आले. खादाड भाऊ शिक्र्याचे डोळे पानांतून शोधून काढू लागला, कारण सुरवंट शोधून शोधून त्याला तशी सवयच होती. थोरल्याची शेपटी नव्याने उगवली आणि घसाही सुटला. आता त्याचा आवाज सगळ्यांबरोबर कलकलाट करण्यात खर्च होऊ लागला.

एका दुपारी पोटभर वाळवी खाऊन सगळी भावंडे सावलीत एका फांदीवर खेटून बसली. ती एकमेकांची पिसे साफ करीत होती. मधली थोरल्याच्या मानेवरची पिसे सारखी करत होती, आणि बघते तर त्याची मान तिच्या खांद्यावर कलंडलेली. म्होरक्या झाल्यापासून दिवसाउजेडी ज्याने डोळा मिटला नव्हता, तो दादा गाढ झोपला होता.

"दादाला उठवू का?" बारीक आवाजाच्या बहिणीने विचारले. "त्याची पाळी आली आहे."

शेंड्यावर पहारा देणाऱ्या खादाड भावाने ते ऐकले. पानांवरची नजर जराही न हलवता तो हळूच म्हणाला, "झोपू दे त्याला. मी बघतोय ना."

तात्पर्य : सर्वांसाठी एकटा जागतो तो फक्त पहारेकरी, चुका सोसून सर्वांना जागे राहायला शिकवतो तोच खरा नेता.