रंजाई म्हणाली, "येते"

मिरजेला यमुनामावशींच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी एक खेळ रंगायचा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं आणि फासे टाकायचे. खेळ चालवणारा परीक्षित स्वतःला ब्रह्मदेवाचा बाप समजायचा. त्यानं पुठ्ठ्यावर नियमच लिहिला होता : तोंडातून निघालं ते पात्रानं केलं, माघार नाही.

मावशींची भाची केतकी आई गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हती. इथं मात्र ती रंजाई वैदीण व्हायची आणि घडाघडा बोलायची. मावशी तेवढ्यासाठीच खेळायला बसत.

त्या दिवशी फासा उलटा पडला आणि रंजाई कड्यावरून कोसळली.

"मेली," परीक्षित म्हणाला. "तिचे शेवटचे शब्द बोल."

केतकी उठली. "येते मी," एवढंच पुटपुटली.

पोरीचं तोंड आता परत मिटणार, हे मावशींनी ओळखलं. त्यांनी टेबलावर हात आपटला. "ऐकलंस? रंजाई 'येते' म्हणाली. आण तिला परत!"

"अहो मावशी, निघताना सगळेच 'येते' म्हणतात!"

"मेल्या, वैतागून 'मरू दे तो घोडा' असंही सगळेच म्हणतात. गेल्या रविवारी मी म्हणाले, तर खेळातला माझा धडधाकट घोडा मारलास ना? ही 'जाते' म्हणाली असती, तर मी गप्प बसले असते."

परीक्षितनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं. मग हळूच विचारलं, "बरं केतकी, दरीतून वर कशी येतेस?"

"सांगते," म्हणत केतकी खाली बसली आणि बोलतच राहिली. चहाची वेळ टळली, तरी मावशी उठल्या नाहीत. त्यांना एकही शब्द चुकवायचा नव्हता.